सुधारित ‘कन्सेंट’ सेवा: खिडकी सुधारली, चिमणीचं काय?

हवा प्रदूषणाची परवानगी म्हणजे बोलीतला ‘कन्सेंट’. कायद्याने ते बंधन असलं तरी कारखानदाराच्या बाजूने ती एक सेवाच आहे. फी भरायची, कागद द्यायचे, मुदतीत संमतीपत्र मिळायला हवं. त्या नजरेने २०२३ नंतरच्या सुधारणा तपासल्या तर खिडकीला, म्हणजे अर्ज आणि मंजुरीच्या कामकाजाला, पाचपैकी साडेतीन गुण देता येतात आणि चिमणीला, म्हणजे प्रत्यक्ष धुरावरच्या नियंत्रणाला, जेमतेम दोन.

आधी खिडकी. जनविश्वास कायद्यामुळे १९८१ च्या हवा कायद्यात झालेले बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. बऱ्याच नियमभंगांसाठी तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने पांढऱ्या गटातल्या, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना संमतीतून वगळलं, आणि ज्यांनी पर्यावरण मंजुरी घेतली आहे त्यांना उभारणीची वेगळी संमती लागेनाशी झाली. तीच माहिती दोन दरवाजांवर द्यायची कटकट संपली, हे मोठं काम. मात्र पांढऱ्या गटात आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. पुढे घन इंधनाचा बॉयलर बसवला तर गटच बदलू शकतो, आणि मग सगळी प्रक्रिया पहिल्यापासून. शिवाय दंड आला म्हणून दात गेले असंही नाही. कलम ३१अ खाली वीज-पाणी तोडून कारखाना बंद करण्याचा अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जसाच्या तसा आहे.

गटांची वाटणीही बदलली आहे. २०१६ च्या पद्धतीत प्रदूषण निर्देशांक ६० किंवा जास्त असेल तर लाल, २० पर्यंत पांढरा. नव्या वर्गीकरणात लालची रेघ ८० वर गेली आहे आणि कचरा प्रक्रियेसारख्या आवश्यक सेवांसाठी निळा गट आला आहे. जुनं संमतीपत्र हाताशी धरून अर्ज भरणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. गट चुकला की फी, मुदत आणि तपासणी तिन्ही चुकतात.

मुदतीबद्दलचा एक गैरसमज महागात पडतो. चार महिने उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं धरायचं, ही तरतूद १९७४ च्या पाणी कायद्यात आहे, कलम २५(७). हवा कायद्याचं कलम २१ मंडळाला चार महिन्यांत निर्णय द्यायला सांगतं, पण गप्प बसलं म्हणजे होकार, असं कुठेही म्हणत नाही. महाराष्ट्रात हवा, पाणी आणि घातक कचरा यांची संमती एकत्रित मिळत असल्याने हा फरक सहज नजरेआड होतो. नकार आला तर अपिलाला ३० दिवस असतात.

फी ठरते भांडवली गुंतवणुकीवर: जमीन, इमारत आणि यंत्रसामग्री यांची घसारा वजा न करता धरलेली रक्कम, सीएच्या प्रमाणपत्रासह. ताळेबंदातला घसारा वजा झालेला आकडा दिला की त्रुटी निघते आणि अर्ज परत येतो. हे टाळणं अगदी सोपं आहे, तरी होत राहतं.

आता चिमणी. सेवेचा खरा कस इथे लागतो, आणि सुधारणांनी या भागाला जवळजवळ हातच लावलेला नाही.

बॉयलरसाठी धुळीची मर्यादा वाफेच्या क्षमतेवर ठरते: ताशी २ टनांच्या आत १२००, २ ते १० टनांत ८००, १० ते १५ मध्ये ६०० आणि १५ व त्यावर १५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर. हे आकडे धुरातला कार्बन डायऑक्साइड १२ टक्के धरून वाचायचे असतात, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. समजा ६ टनी बॉयलरवर ५२० मोजले गेले. कागदावर पास. पण धुरात कार्बन डायऑक्साइड ६ टक्केच असेल तर खरा आकडा ५२० गुणिले १२ भागिले ६, म्हणजे १०४०. नापास. भट्टीचं दार नीट न बसणं, धूर नेणाऱ्या डक्टच्या जोडांतून हवा आत ओढली जाणं, पंखा गरजेपेक्षा मोठा असणं, यांमुळे धूर पातळ होतो आणि अहवाल देखणा दिसतो. म्हणून लॅबच्या अहवालात आधी कार्बन डायऑक्साइडची टक्केवारी पाहावी, मग धुळीचा आकडा. ती टक्केवारी लिहिलेलीच नसेल तर अहवाल परत पाठवावा.

नमुना कुठून घेतला, हेही तितकंच महत्त्वाचं. पोर्टहोल, म्हणजे नमुना घेण्याचं भोक, खालच्या वळणापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट वर आणि तोंडापासून दोनपट खाली हवं. अर्धा मीटर व्यासाच्या चिमणीत याचा अर्थ वळणावर ४ मीटर आणि वर किमान १ मीटर सरळ नळ. नमुना ओढण्याचा वेग चिमणीतल्या धुराच्या वेगाइतकाच ठेवावा लागतो. कमी ओढलं तर जड कण जास्त सापडतात आणि आकडा फुगतो, जास्त ओढलं तर उतरतो. चाचणीच्या वेळी बॉयलर किती भारावर होता, याचीही नोंद हवी. निम्म्या भारावर घेतलेला नमुना पूर्ण भाराबद्दल काहीच सांगत नाही.

उंचीचे नियम मात्र स्वच्छ आहेत. २ ते ५ टनी बॉयलरला १२ मीटर, ५ ते १० टनीला १५ मीटर. जनरेटरसाठी इमारतीच्या उंचीत जनरेटरच्या केव्हीए क्षमतेच्या वर्गमुळाचा ०.२ पट मिळवायचा. २५० केव्हीएला छपरावर साधारण ३.२ मीटर येतात.

धूळ रोखणाऱ्या यंत्रणेचं वर्णन अर्जात एका ओळीत उरकलं जातं: ‘बॅग फिल्टर’, म्हणजे धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या. कापड कोणतं, पिशव्यांच्या दोन बाजूंचा दाबफरक किती, तापमान किती, याचा उल्लेख नसतो. पॉलिएस्टरच्या पिशव्या १३० अंशांच्या आसपासच टिकतात. तापमान फार उतरलं तर ओलाव्याने पिशव्यांवर चिखल बसतो, हवा अडते, मग कोणीतरी बायपास उघडून धूर न गाळताच सोडतं. साधा दाबफरकमापक लावला, रोजची नोंद ठेवली, तर हे आठवडाभर आधी कळतं. धूर गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनचा आवाका त्याहून कमी: दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण त्याच्या हाती फारसे लागत नाहीत. दगडी कोळशावरून ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या इंधनाच्या विटांवर, जायचं असेल तर संमतीपत्रात इंधन आणि त्याचं प्रमाण बदलून घ्यावं लागतं, हे सर्रास विसरलं जातं.

सर्वांत मोठी तक्रार नियमाच्या रचनेबद्दल आहे. संमती चिमणीतल्या सांद्रतेवर मर्यादा घालते, परिसरावर पडणाऱ्या एकूण भारावर नाही. ताशी ८,००० घनमीटर धूर सोडणारा बॉयलर ८०० ची मर्यादा काटेकोर पाळूनही दिवसाला सुमारे १५० किलो धूळ टाकतो. शेजारी असे दहा असतील तर दीड टन, आणि दहाही जण नियमात. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गंभीर प्रदूषित ठरवलेल्या ४३ औद्योगिक क्षेत्रांत चंद्रपूर, डोंबिवली आणि तारापूर होते. एकेका कारखान्याचे कागद नीट असल्याने तिथल्या हवेचा प्रश्न सुटत नाही. संमतीपत्रात ताशी किलो ही दुसरी मर्यादा घातली आणि त्या क्षेत्रात किती भार शिल्लक आहे हे पोर्टलवर दिसू दिलं, तर नव्या अर्जदारालाही बॉयलर विकत घेण्याआधी कळेल की इथे १५० मिलिग्रॅमवाली यंत्रणा लागणार की सायक्लोन चालेल. सध्या हा प्रश्न ऑर्डर दिल्यावर विचारला जातो, आणि तोवर पायाचं काँक्रीट पडलेलं असतं.