शेतपंपाच्या मेनमधला बोल्टवाला एचआरसी फ्यूज: घ्यावा, पण छाप वाचून

सांगली-मिरजेच्या इलेक्ट्रिक दुकानांत ‘एचआरसी द्या’ (म्हणजे शॉर्टचा मोठा करंट सुरक्षितपणे तोडणारा, बंद नळीचा फ्यूज) म्हटलं की दोन तऱ्हा समोर येतात. एक सुरीसारख्या पात्यांचा डिन (जर्मन मानकाचा), दुसरा दोन्ही टोकांना भोकाच्या पट्ट्या असलेला बोल्टवाला. हा बोल्टवाला ब्रिटिश मानक बीएस ८८ च्या घराण्यातला. आपल्याकडे घेताना भारतीय मानक आयएस १३७०३ ची छाप बघावी. छापच नसेल तर स्वस्त मिळाला तरी नको.

किटकॅट (चिनी मातीचा, तार गुंडाळायचा जुना फ्यूज) काढून हा बसवावा का? साडेसात एचपीच्या मोटरला तरी जरूर. ‘२० अँपिअर’ हा आकडा दोन्हींवर सारखा असला तरी अर्थ वेगळा. तार गुंडाळायच्या फ्यूजचं ब्रिटिश मानक बीएस ३०३६. त्यातली २० ची तार (०.६० मिमी कलई केलेलं तांबं) साधारण ४० अँपिअरला वितळते. बीएस ८८ चा २० चा जीजी (सर्वसाधारण वापराचा) फ्यूज ३२ अँपिअरला तासाभरात उडतो. शिवाय १०० केव्हीएच्या डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ) शॉर्ट झाला तर तीन हजार अँपिअरच्या आसपास करंट येतो. बीएस ३०३६ चे फ्यूज प्रकाराप्रमाणे एक ते चार हजार अँपिअरचाच करंट सुरक्षितपणे तोडू शकतात, म्हणजे ठिणगी पेटून चिनी मातीचा कॅरिअर तडकायची भीती. बीएस ८८ चा औद्योगिक फ्यूज ८० हजार तोडतो. शेतात एवढ्याची गरज कधीच नाही. खरा फायदा असा, की वाळूने भरलेल्या बंद नळीत कुणी दुहेरी तार घालू शकत नाही. (नळीवरूनच तार फिरवणारे महाभाग आहेत, त्यांना कुठलंच मानक वाचवणार नाही.)

साडेसात एचपी मोटर पूर्ण लोडला सुमारे ११ अँपिअर घेते आणि डीओएल (मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) स्टार्टरवर सुरू होताना त्याच्या सहापट. १६ चा फ्यूज विनाकारण उडत राहील, २५ चा बसतो. मापात मात्र फसगत होते. बोल्टवाल्याच्या ए२ आणि ए३ या दोन मापांच्या भोकांमधलं अंतर ७३ मिमीच, पण ए२ ३२ अँपिअरपर्यंत आणि ए३ ६३ पर्यंत. म्हणून नुसती पट्टी लावून मागू नका, जुन्यावरचा आकडा वाचा. ‘३२एम६३’ असं लिहिलेला जीएम (मोटरसाठीचा) फ्यूज मिळाला तर तो सतत ३२ च वाहतो. ६३ हा फक्त सुरुवातीचा धक्का सोसण्याचा गुण.

तोटेही आहेत. बोल्ट ढिला राहिला की पट्टी तापते, काळी पडते आणि चांगला फ्यूज बदनाम होतो. गावात रात्री सुटा मिळत नाही, तीन जादा ठेवा. एक उडाला तर तिन्ही बदला, कारण उरलेल्या दोघांनीही तोच करंट खाल्लेला असू शकतो. आणि एकच उडून मोटर दोन फेजवर रडत राहिली, तर उरलेले फ्यूज ती जळण्यापासून वाचवतीलच असं नाही. तिथे ११ अँपिअरवर लावलेला ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) लागतो.

लंडनहून आलेल्या किटलीच्या प्लगमधला फ्यूज ही तिसरीच जात: बीएस १३६२, २५.४ मिमी लांब, ३ चा लाल, १३ चा तपकिरी. तो त्या प्लगमध्येच राहू द्या.