मधूनच येणारं मिसिंग: स्कॅनर घ्यावा की मिस्त्रीच्या कानावर सोडावं?

मिसिंग म्हणजे इंजिनच्या एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकणं. ते सतत येत असेल तर फार डोकं लावायची गरज नाही. गाडी गॅरेजला लावा, अर्ध्या तासात सापडतं. पंचाईत होते ती अधूनमधून येणाऱ्याची. माझ्या गाडीला ते पावसाळ्यात यायचं, पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की. चार-पाच झटके, मागच्या सीटवरून आईचं "काय रे झालं?", आणि वळण संपेपर्यंत सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात तीच गाडी पाहुण्यांसमोर शहाणी होणाऱ्या पोरासारखी उभी.

गाडी २०११ची, पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीचा करंट देणारी स्वतंत्र कॉइल. कंपनीचं नाव देत नाही. एवढ्या वयाच्या गाडीची कुरकुर कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

अशा वेळी माझ्यासमोर दोन रस्ते होते आणि मी दोन्ही चालून बघितले. एक, नेहमीच्या मिस्त्रींकडे गाडी सोडायची. दोन, गाडीने नोंदवलेले बिघाड फोनवर दाखवणारा हजारभर रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर (डोंगल) स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसून स्वतः माग काढायचा. मोठ्या सर्व्हिस सेंटरचाही एक रस्ता असतो, पण तिथे ट्रायलला घाट मिळत नाही, सिग्नलपर्यंत जाऊन परत येतात. म्हणून तो सोडला.

मिस्त्रींची बाजू आधी, कारण तिला आजकाल उगाच कमी लेखतात. आमच्या मिस्त्रींना सायलेन्सरपाशी हात धरून एखादा ठोका चुकतोय हे कळतं. प्लग काढून हातात घेतला की काजळी, तेल, पांढरेपणा यावरून ते अर्धी कहाणी सांगतात. गाडी जुनी असेल, सगळ्या प्लगना करंट वाटणारा एकच डिस्ट्रिब्यूटर आणि लांब केबलवाली, तर मी डोळे झाकून त्यांच्याकडेच पाठवीन. रात्री बॉनेट उघडून केबलींवर पाण्याचा बारीक फवारा मारला की करंट कुठून उडतोय ते अंधारात निळं दिसतं. त्या गाडीत स्कॅनर काय वाचणार? पण माझ्या गाडीत कॉइल खोल विहिरीत बसलेली, वरून कितीही फवारा, आतलं काही दिसत नाही. फवारलेलं पाणी उलट विहिरीत उतरतं, ते वेगळंच.

त्यांनी पहिल्या खेपेला चारही प्लग बदलले. मजुरी धरून दीड हजार. गाडी तीन आठवडे छान चालली, मी लोकांना त्यांचं नाव सुचवायलाही लागलो. मग पुन्हा तोच चढ, तेच झटके, आणि या वेळी डॅशबोर्डवर इंजिनची लाइटही लागली. मला तर आनंदच झाला. लाइट लागली म्हणजे गाडीने काहीतरी लिहून ठेवलंय. तसाच गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, दहाचा पाना घेतला आणि बॅटरीचं टर्मिनल काढलं. पाच मिनिटांनी परत लावलं. "गेली बघा लाइट!"

गेली खरी. पंचनामा व्हायच्या आधीच जागा धुऊन निघाली. कितव्या सिलिंडरला, किती आरपीएमवर, इंजिन किती गरम असताना ठोका चुकला, हे सगळं त्या नोंदीत असतं. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. तीन आठवडे वाट बघून मिळालेला एकमेव पुरावा दहाच्या पान्याने पुसला. रागावणार तरी कसं? त्यांनी पैसेही घेतले नव्हते. नंतर चौकशी केली तर कळलं की ही सवय बऱ्याच ठिकाणी आहे. काही जण स्कॅनर लावतात, पण कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर, लिहून न घेता आधी डिलीट दाबतात. माझा कौल फिरला तो या एका गोष्टीवर. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं.

मग स्कॅनर घेतला. त्याचे त्रासही सांगतो. स्वस्तातले मध्येच फोनशी बोलणं बंद करतात. आयफोन असेल तर त्याला चालणारा बघूनच घ्यावा लागतो. आपल्याकडे ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं एप्रिल २०१३पासून, त्यामुळे नंतरच्या गाडीत सहसा अडचण येत नाही. आधीच्या गाडीत सॉकेट असूनही स्वस्त डोंगल जुळेलच असं नाही, कुणाचा तरी मागून लावून बघितलेला बरा. माझा नशिबाने जुळला. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवा, थोडी थोडी बॅटरी पितो.

पण तो गाडीत असतो, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे आहे. लाइट लागायच्या आधीही गाडी 'पेंडिंग' नावाची कच्ची नोंद करते आणि पुढच्या काही फेऱ्यांत झटका आला नाही तर ती स्वतःच पुसते. गॅरेजची वेळ घेऊन पोचेपर्यंत ती असेल याची खात्री नाही. मी घाट चढून झाल्यावर कडेला थांबलो, फोन उघडला: पी ०३०२. म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. पी ०३०० आला असता तर मात्र एवढी चैन नव्हती. त्यात कुठलाच सिलिंडर नक्की नसतो आणि मग हवेची गळती, पेट्रोलचं प्रेशर असं सगळं आलं.

स्कॅनर नंबर सांगतो, कारण सांगत नाही. घरी येऊन दोन आणि तीनच्या कॉइल आपसात बदलल्या. एवढंच, बाकी कशालाही हात लावला नाही. पुढच्या शनिवारी त्याच चढावर पी ०३०३. झटका कॉइलबरोबर सरकला होता.

ती कॉइल आणि दोन नंबरचा प्लग घेऊन मिस्त्रींकडेच गेलो. त्यांनी प्लग टॉर्चच्या उजेडात फिरवला आणि दहा सेकंदांत बोट ठेवलं: पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ, आणि कॉइलच्या, प्लगवर चढणाऱ्या रबराच्या आत तिची जोडीदार. "करंट आतून जायचा सोडून बाहेरून उतरतोय." दमट हवेत आणि चढावर जोर पडला की त्याला हीच वाट सोपी. नुसता प्लग बदलला तर जुन्या रबरातली रेघ नव्या प्लगवर पुन्हा उमटते, त्यांचे तीन आठवडे तिथेच गेले होते. हे मला एकट्याला कधी दिसलं नसतं.

त्यामुळे स्कॅनर घेतला म्हणजे मिस्त्री सुटले, असं मी म्हणणार नाही. ज्यांना पान्याला हात लावायचा नाही त्यांनी डोंगलवर पैसे घालवावेत का, हाही प्रश्नच आहे. सीएनजीवाल्यांनी तर आधी फुकटातलं बघावं: झटके फक्त गॅसवर येतात आणि पेट्रोलवर टाकताच जातात का? गॅसला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून थकलेली कॉइल किंवा प्लग तिथे आधी उघडे पडतात. आणि लाइट नुसती लागून न राहता लुकलुकत असेल तर कोड वाचत बसू नका, पाय हलका करा. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं आणि त्याच्या किमतीत अशा डझनभर कॉइल येतील.

तरीही इंजेक्शनवाली गाडी, येऊन-जाऊन मिसिंग आणि थोडी हौस, एवढं जमत असेल तर मी आधी डोंगल घेईन. गॅरेजलाच न्यायची ठरवलीत तर किल्ली देताना बॅटरीला हात लावू नका एवढं सांगा. आमचे मिस्त्री यावर अजून हसतात, पण दहाचा पाना उचलायच्या आधी विचारतात, "काका, फोटो काढलाय ना कोडचा?"