बाळंतपणाची तयारी करून घेणारा वर्ग: जिने सोडले तर उत्तम

लेकीला सदतिसावा आठवडा लागलाय. बाळंतपण व्हायचंय अजून, तरी अभिप्राय आत्ताच लिहून टाकते. बाळ झाल्यावर लिहिलं की सगळं सुखरूप पार पडलं तर वर्गाला पाच तारे, आणि सिझर झालं तर ‘पैसे वाया गेले’, असं होतं. वर्गाचं काम बाळंतपणाच्या आधीचं आहे. ते झालं का, तेवढंच सांगते.

लेक पहिलटकरीण. पुण्यात नोकरी करते, सातव्यानंतर रीतीप्रमाणे सोलापूरला माहेरी आणली. दिवसभर लॅपटॉपवर ऑफिसचं काम आणि रात्री मोबाइलवर बाळंतपणाचे व्हिडिओ. मग अडीच वाजता माझ्या पलंगाशी येऊन, “आई, बाळाच्या गळ्यात नाळ अडकली तर?” यावर घरोघरी एकच उत्तर ठरलेलं असतं: “काही होत नाही गं, आम्ही नाही का बाळंत झालो!” या उत्तराने आजवर कुठल्या गरोदर बाईला झोप लागली असेल असं मला वाटत नाही.

वर्ग घेणाऱ्या सिस्टर लेबर रूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेल्या आहेत. एका प्रसूतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, खाली सोलापुरी चादरी अंथरलेल्या, भिंतीला टेकायला लोड. चार रविवार, सकाळी दहा ते साडेबारा. फी तीन हजार, सोबतच्या माणसाचे वेगळे पैसे नाहीत. जावई शनिवारच्या हुतात्मा एक्सप्रेसने येऊ शकले तेव्हा ते बसले, एरवी मी.

पहिल्याच दिवशी सिस्टरांनी पिशवीतून एक फुगा आणि टेबल टेनिसचा चेंडू काढला. चेंडू आत घालून फुगा फुगवला, तोंडाला गाठ न मारता उलटा धरला. चेंडू मानेशी येऊन बसला. “हे बाळाचं डोकं, ही गर्भपिशवी, ही मान म्हणजे पिशवीचं तोंड.” मग फुगा बाजूंनी दाबला. चेंडू जागचा हलेना. या खोट्या कळा. पोट दगडासारखं घट्ट होतं, जरा चाललं किंवा आडवं झालं की सैल पडतं. मग त्यांनी फुगा वरून, बुडाकडून दाबायला सुरुवात केली. दाबायचा, सोडायचा. बराच वेळ काहीच होईना, आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नीट पाहिलं तर फुग्याची मान आखूड होत होती. ती पुरती आखूड झाली, मग तोंड उघडायला लागलं, आणि शेवटी चेंडू टपकन चादरीवर.

मी गणित शिकवण्यात नोकरी काढली. इतका स्वच्छ प्रयोग मला वर्गात क्वचितच साधला.

लेकीच्या डोक्यात बसलेलं होतं की तासाला एक सेंटिमीटर तोंड उघडायलाच हवं, म्हणजे दहा सेंटिमीटरला दहा तास, आणि त्याहून उशीर झाला की काहीतरी बिघडलं. तिने ते विचारलंसुद्धा. सिस्टर म्हणाल्या, “बाळा, बाळंतपणाला त्रैराशिक लागत नाही.” पाच सेंटिमीटरपर्यंतचा टप्पा पहिलटकरणीला कितीही रेंगाळू शकतो, आणि तासाला एक सेंटिमीटरची अपेक्षा सरसकट सगळ्यांकडून धरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. त्यांच्याकडे एक लाकडी फळी आहे, एकपासून दहा सेंटिमीटरपर्यंतची गोल भोकं पाडलेली. लेबर रूममध्ये ‘दोन बोटं झालंय’ म्हणतात तेव्हा नेमकं किती, हे प्रत्येकीला बोटं घालून बघायला लावलं. आतून तपासणीची लेकीला जबर धास्ती होती. कळ चालू असेल तर ‘ओसरू द्या, मग तपासा’ असं म्हणता येतं, तपासण्याआधी सांगा असंही म्हणता येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. मलाही माझ्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

नाळेचं उत्तर आमच्या घरी सगळ्यात कामाला आलं. गळ्याभोवती नाळेचा वेढा साधारण चार-पाच बाळांमागे एकाला असतोच. पोटात बाळ नाकातोंडाने श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू नाळेतूनच मिळतो, म्हणून ‘गळा आवळला’ हे चित्रच चुकीचं. नाळेत चिकट जेलीसारखा गर असतो, तो रक्तवाहिन्या सहज दबू देत नाही. डोकं बाहेर आलं की सुईण किंवा डॉक्टर बोटाने वेढा सोडवतात. क्वचित नाळ खरोखर दाबली जाते, आणि ते बाळाच्या ठोक्यांवरून कळतं. कळांमध्ये पुन्हा पुन्हा ठोके ऐकतात ते त्याचसाठी. सिस्टरांनी शेवटचा भागही लपवला नाही, म्हणून पहिल्या भागावर लेकीचा विश्वास बसला, असं मला वाटतं.

तिसऱ्या रविवारी कोपऱ्यातल्या एका मुलीने एकदम विचारलं, “मी मेले तर?” हॉल गप्प. तिची सासू “अशुभ बोलू नकोस” म्हणून तिला दटावायला लागली. सिस्टरांनी सासूबाईंना हातानेच थांबवलं. बाळंतीण दगावते ती मुख्यतः कशाने, तर जास्त रक्त जाण्याने, वाढलेल्या रक्तदाबाने, जंतुसंसर्गाने. मग एकेकासाठी काय तयार असतं ते सांगितलं: बाळ बाहेर आलं की लगेच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, म्हणजे पिशवी आकसते आणि रक्त कमी जातं, वार पूर्ण पडली का ते तपासणं, रक्तगट आधीच माहीत असणं, रक्तदाब पुन्हा पुन्हा बघणं. घरी आल्यावर मी लेकीला आकडा दाखवला. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३. देशाचा त्याच काळातला आकडा ९७. तिने मोबाइलवर भागाकार करून बघितला आणि उशी उलटी करून झोपली. आमच्याकडे आकड्यांनी झोप येते, तुमच्याकडे दुसऱ्या कशाने येत असेल.

दवाखान्यात कधी निघायचं हे तर फळ्यावर लिहून पाठच करून घेतलं. पहिलटकरणीला कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभर, आणि असं तासभर चाललं की निघा. पण पाणी गेलं, अंगावर लाल गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा सदतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या, तर घड्याळ न बघता निघा. पाणी हिरवट असेल तर त्याहून घाई. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर डाव्या कुशीवर शांत पडून मोजायची. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर सकाळची वाट बघायची नाही. हा कागद आमच्या फ्रिजवर आहे. जावयांनी त्याचा फोटो काढून मोबाइलच्या पडद्यावरच लावलाय.

बर्फाचा खेळही असतो. मुठीत बर्फाचा खडा मिनिटभर धरायचा, आधी नुसता, मग लांब श्वास सोडत. जावई पहिल्या खेपेला चाळीस सेकंदांत खडा टाकून मोकळे झाले आणि सगळा हॉल हसला. कळेचं दुखणं बर्फासारखं असतं असा सिस्टरांचा दावा नाही. मिनिट संपतं, मधे विसावा मिळतो, आणि खांदे सैल सोडले तर मिनिट जरा सोपं जातं, एवढंच हाताला कळतं.

सोबतीच्या माणसाला फुकट बसवतात याचं मला विशेष कौतुक. १९९४ साली तालुक्याच्या दवाखान्यात मी बाळंत झाले तेव्हा माझी आई दाराबाहेर बसलेली आणि आत मी, छताचा पंखा आणि ‘ओरडू नको’ म्हणणारी आया. २०१६ पासून सरकारी दवाखान्यांतही प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्र सरकारने परवानगी दिलीय. खाजगीत प्रत्येकाचा नियम वेगळा, म्हणून तो आधीच विचारा असं सिस्टर बजावतात. आम्ही विचारलं; एक माणूस चालेल म्हणाले. लेकीने नवऱ्याचं नाव दिलंय. कंबर कुठे आणि कशी दाबायची ते मी त्यांना शिकवून ठेवलंय.

आता तक्रारी.

दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. गरोदर बायकांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर ठेवण्याची कल्पना कुणाची, त्या माणसाला भेटायला आवडेल. वर एप्रिलचं सोलापूर. पंखे चार, त्यातला एक नुसता आवाज करतो.

सिझरला जेमतेम दहा मिनिटं दिली. हे मला अजिबात पटलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आहेत, म्हणजे हॉलमधल्या बारा जणींपैकी तिघी. भूल कुठे देतात, जागं राहता येतं का, बाळ छातीवर कधी देतात, टाके घातल्यावर उठायचं कसं, याला अर्धा रविवार हवा. कळांमध्ये पाठीतून देतात त्या भुलीचंही तसंच, दोन वाक्यांत उरकलं. मी शेवटच्या दिवशी सिस्टरांना हे बोलले. “नॉर्मलचं वातावरण ठेवायचं असतं ओ मॅडम,” म्हणाल्या. माझ्या मते भीती अशाच न बोललेल्या जागी जाऊन बसते. लेकीचे सिझरचे प्रश्न आम्ही शेवटी तिच्या डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी नीट वेळ दिला.

दुसऱ्या रविवारी नाळेतलं रक्त साठवून ठेवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा एजंट मधेच घुसवला होता. वीस मिनिटं. ‘बाळाचा आयुष्याचा विमा’ वगैरे. आधीच घाबरलेल्या मुलींपुढे हजारोंचे हप्ते मांडणं मला बरं वाटलं नाही. बाळाच्या स्वतःच्या पुढच्या उपयोगासाठी असं रक्त खाजगीत साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांत आहे. तेवढी वीस मिनिटं खाली जाऊन चहा घ्या. (जिने आठवा आणि मग ठरवा.)

गर्भसंस्काराचे श्लोक रोज शेवटी लावतात. आवाज गोड आहे, कुणाला त्रास नाही.

बरोबर आलेल्या आया-सासवांनीही एक गोष्ट ऐकून घ्यावी. नवव्या महिन्यात वाटीभर तूप प्यायलं की बाळ घसरून येतं, हे सिस्टरांनी फुगा पुन्हा हातात घेऊन खोडून काढलं: तूप जातं जठरात, बाळ आहे गर्भपिशवीत, दोन्हींचा रस्ता वेगळा. कळा याव्यात म्हणून आपल्या मनाने एरंडेलही द्यायचं नाही. बाळाला मध चाटवायचा नाही, पहिला चीक टाकायचा नाही, तासाभरात अंगावर घ्यायचं. एका आजींनी बराच वाद घातला, पण शेवटी वहीत लिहून घेतलं.

लेक अजून घाबरते. मधे परवाच पोट घट्ट झालं तेव्हा रात्री उठून आली, पण प्रश्न बदलला होता. “आई, बाजूने दाबल्यासारखं वाटतंय, वरून नाही. चालून बघते.” अंगणात दोन फेऱ्या मारल्या, पोट सैल पडलं, पाणी पिऊन झोपली. मी मात्र जागी राहिले.

नाव तिसाव्या-बत्तिसाव्या आठवड्यातच नोंदवा, छत्तिसाव्यात जिने होत नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर सिस्टर संध्याकाळी सातनंतर आवाजी निरोपाने उत्तर देतात. फळ्यावरच्या त्या यादीतलं काही असेल तर ग्रुपवर लिहीत बसू नका, सरळ दवाखान्यात फोन करा, हा त्यांचाच नियम. रविवारी खालच्या रस्त्यावर भाजीबाजार भरतो, रिक्षा दारापर्यंत येत नाही. पिण्याचं पाणी घरून न्या. पाचपैकी चार तारे; सिझरला अर्धा रविवार दिलात तर पाचवाही देते.