सामान सोबत न्यावं, की तिथेच शोधावं?

परदेशातल्या रेसिडेन्सीत (कलाकाराला काही काळ तिथे राहून काम करू देणाऱ्या कार्यक्रमात) इन्स्टॉलेशन, म्हणजे जागा व्यापणारी मांडणी-कलाकृती, उभं करायचं ठरलं की पहिला प्रश्न सामानाचा येतो.

सोबत नेलं तर हाताच्या सवयीचं साहित्य मिळतं, पण कागदपत्रं पाठ सोडत नाहीत. दोन्ही देश 'एटीए कार्ने' (वस्तू तात्पुरत्या परदेशी नेण्याचा सीमाशुल्क परवाना) मानत असतील तर वस्तू सीमाशुल्क न भरता जास्तीत जास्त १ वर्षासाठी नेता येतात. नेलेलं सगळं परत यायला हवं. वापरून संपणारं मेण, रंग, चिकणमाती त्यात बसत नाही. पेटी कच्च्या लाकडाची असेल तर ते बहुधा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं आणि तसा शिक्का मारलेलं लागतं. घानाचे शिल्पकार एल अनात्सुई यांनी हा पेच सुरेख सोडवलाय: बाटल्यांची झाकणं तांब्याच्या तारेनं जोडून केलेली त्यांची भलीमोठी कामं घडी घालून प्रवास करतात आणि प्रत्येक भिंतीवर नव्यानं चुण्या घेतात.

तिथेच शोधायचं तर सुरुवातीचे दिवस भंगारवाले, सुतार, जुना बाजार पालथा घालण्यात जातात. मला तरी हाच मार्ग जवळचा वाटतो. त्या भटकंतीतच माणसं भेटतात, आणि कलाकारांच्या अदलाबदलीचा असा कार्यक्रम असतो तो त्यासाठीच. फक्त छत किती भार पेलेल, कापड आगरोधक लागेल का, प्रदर्शनानंतर काम मोडायचा खर्च कोणाचा, हे निघण्याआधीच लेखी विचारून घ्या. अवजारं मात्र आपलीच न्या. ती कार्नेवर जातात.