शेरिनचा लाल चामडी बॉल: कोलमनच्या खेळावर घासून पाहिला तर

एसेंडन या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या जॉन कोलमनने १९४९ ते १९५४ या काळात ९८ सामन्यांत ५३७ गोल केले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ साडेपाच. पहिल्याच सामन्यात हॉथॉर्नविरुद्ध १२! हे गोल कसे व्हायचे ते समजलं की ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा बॉल कसा निवडायचा तेही समजतं. कोलमन गर्दीच्या डोक्यावरून झेपावत बॉल हवेतच पकडायचा. हा 'मार्क'. मार्क मिळाला की खेळाडूला थांबून, नेम धरून किक मारता येते. त्यामुळे बॉल हातात बसला पाहिजे आणि हवेत डगमगता कामा नये. शेरिन कंपनीचा लंबगोल चामडी बॉल दोन्ही करतो, पण पहिल्या दिवसापासून नाही. कोरा बॉल निसरडा असतो. काही दिवस गवतावर सराव झाला की पकड येते. तोवर मार्क सुटले तर हातांना दोष देऊ नका.

पुरुषांच्या सामन्याचा बॉल ५ नंबरचा. उभा घेर ७२० ते ७३० मिमी, आडवा ५४५ ते ५५५. महिलांच्या एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) ४ नंबर चालतो, लहान हातांनाही तोच बरा.

खरी गडबड बॉलमध्ये हवा भरताना होते. नियमातला दाब ६२ ते ७६ किलोपास्कल, म्हणजे साधारण ९ ते ११ पीएसआय. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, गेज लावा. जास्त भरलात तर बॉल पायावरून दगडासारखा उडतो आणि शिवणीवर ताण येतो. कमी भरलात तर किक मेल्यासारखी पडते. पंपाची पिन ओली करूनच घाला, कोरडी पिन व्हॉल्व्ह फाडते.

ड्रॉप पंटसाठी, म्हणजे हातातून सोडलेला बॉल जमिनीला लागण्याआधीच मारायच्या किकसाठी, बॉल उभा धरा, शिवणीवरची नाडी पुढच्या बाजूला. हात खाली नेऊन सोडा, वरून टाकू नका. पाय खालच्या टोकावर बसला की बॉल उलटा फिरत सरळ जातो. सोडताना बॉल कलला की किक भरकटते. दहातल्या आठ चुका इथल्याच. कोलमनच्या काळी ड्रॉप किकही सर्रास चाले: बॉल जमिनीला टेकून उसळतानाच मारायचा. गवत ओबडधोबड असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

पावसात चामडं जड होतं. नंतर फडक्याने पुसून सावलीत वाळवा. हीटरजवळ ठेवलात तर ते कडक होऊन तडकतं. काँक्रीटवर आणि वाळूत खेळणार असाल तर हा बॉल घेऊच नका, सिंथेटिक घ्या. रंगाचं म्हणाल तर दिवसा लाल, दिव्यांखाली पिवळा.

झेपेचा सराव मात्र मऊ गवतावरच. १९५४ मध्ये फिट्झरॉयविरुद्ध १४ गोल केल्यानंतर पुढच्याच सामन्यात कोलमनचा गुडघा निखळला आणि पंचविसाव्या वर्षी त्याचं खेळणं संपलं. बॉल नवा मिळतो.