सोलर रेडिओची दुरुस्ती: गोखले रोडजवळचं बिननावाचं दुकान, ठाणे पश्चिम

माझे धाकटे दीर नऊ वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये मिशनच्या कामावर आहेत, दोस्सोच्या बाजूला, झरमा लोकांत. नाताळला घरी आले ते एक बंद पडलेला डबा घेऊन. वहीएवढा आकार, वर सोलरची पट्टी, आत मेमरी कार्डावर झरमा भाषेतलं शास्त्र, म्हणजे बायबल. त्या भाषेत नवा करार 1954 साली छापला गेला आणि पूर्ण बायबल 1990 मध्ये, पण खेड्यात वाचता येणारे थोडे, म्हणून ऐकवायचं. शिवाय वस्ती जवळजवळ सगळी मुसलमान. घरात पुस्तक दिसलं की शेजारी विचारतात. डबा काय, रेडिओच वाटतो.

आधी स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. पोराने डबा उघडूनही बघितला नाही. ‘‘मावशी, कार्ड फॉरमॅट मारू का? नाहीतर नवा स्पीकर घ्या.’’ भावजींनी कार्ड त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच.

मग आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकाने हे दुकान सुचवलं. पाटीवर फक्त ‘मिक्सर, इस्त्री, रेडिओ रिपेअरिंग’. तीन पायऱ्या उतरायच्या, बसायला एकच स्टूल. दुकानवाल्या चाचांनी सगळ्यात आधी कार्ड काढलं, पाकिटात घातलं, वर नाव लिहिलं आणि भावजींना दिलं : ‘‘ये पहले आप संभालो.’’ मी तिथेच निश्चिंत झाले.

स्क्रू काढले तशी पेपरवर विटकरी धूळ सांडली, मैद्याइतकी बारीक. थंडीच्या दिवसांत सहाराकडून हरमॅटन वारा सुटतो, त्याची. सेल फुगलेला, पट्टीच्या वायरचा टाका सुटलेला. चाचा काम करता करता तिकडचं विचारत होते. खाता काय? बाजरी, आणि शेवग्याचा पाला शेंगदाण्याच्या पेंडेत कालवून, त्याला कोप्तो म्हणतात. घरी सासूबाईंनी हे ऐकलं तेव्हा म्हणाल्या, एवढ्यासाठी विमानाने गेलास होय!

आता तक्रारी. चार दिवस सांगून अकरा लावले, फोन एकदाही उचलला नाही. भावजींचं विमान तेराव्या दिवशी होतं, माझा जीव टांगणीला. छापील बिल मिळत नाही. नवा सेल जरा जाड, म्हणून आतलं प्लास्टिक कानशीने घासून बसवला, आणि चारपैकी एक स्क्रू भलताच. पण सेल धरून 650 रुपये, आणि आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ.

डबा चाचांनी आमच्यासमोर बराच वेळ लावून ठेवला. ‘‘ये बार बार इरिकोय क्या बोलता है?’’ भावजींनी सांगितलं : इरी म्हणजे आपला, कोय म्हणजे धनी. देवाला तोच शब्द. दोस्सोच्या राजालाही झरमाकोय म्हणतात. ‘‘हमारा मालिक,’’ चाचा म्हणाले, आणि आवाजाचं बटण जरा घट्ट केलं, प्रवासात हलू नये म्हणून.

जाणार असाल तर चार्जर बरोबर न्या, आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं. परवा भावजींचा मेसेज आला : डबा रोज संध्याकाळी चालतो, तो भलता स्क्रू मात्र पडला, तिथे चिकटपट्टी लावली आहे.