टूरिंग ट्राइकसाठी बदली सायलेन्सर: काय घ्यावे, काय टाळावे

दुचाकी टूरिंग मोटरसायकलींच्या बदली एक्झॉस्टची परीक्षणे पुष्कळ वाचायला मिळतात, मात्र तोच माल ट्राइकखाली, म्हणजे तीनचाकी मोटरसायकलखाली, बसवायचा म्हटले की त्यांतले बरेच मुद्दे गैरलागू ठरतात. ट्राइक वळणावर कलत नाही, त्यामुळे नळी रस्त्याला घासण्याची दुचाकीस्वाराची चिंता इथे जवळजवळ उरत नाही. वजनाची बचत तर त्याहून गौण आहे. हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड साडेपाचशे किलोंहून जड असते आणि सायलेन्सर बदलून त्यातले चार-पाच किलो कमी झाले तरी गाडीच्या वागण्यात कोणालाही फरक जाणवणार नाही, म्हणून केवळ हलकेपणासाठी टायटॅनियमचे जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. ट्राइकसाठी एक्झॉस्ट निवडताना मी सर्वांत जास्त महत्त्व देतो ते महामार्गाच्या स्थिर वेगात तो तासन्‌तास कसा वाजतो याला, आणि नेमकी हीच गोष्ट दुकानाच्या दारात उभ्या गाडीचा थ्रॉटल पिळून कळत नाही.

त्याआधी माप जुळण्याचा प्रश्न निकालात काढला पाहिजे. ट्राय ग्लाइड २००९ च्या मॉडेल वर्षापासून कारखान्यातूनच तीन चाकांवर येऊ लागली आणि तिचे सायलेन्सर मागचा ॲक्सल, डिकीचा तळ व ब्रेकच्या नळ्या यांच्यामधून वाट काढत बाहेर पडतात. त्यामुळे खोक्यावर ‘टूरिंग मॉडेलसाठी’ असे छापले असले तरी तो ट्राइकला बसेलच असे धरून चालू नये. ट्राइकचा भाग क्रमांक वेगळा आहे का, हे यादीत पाहूनच मागणी नोंदवावी. होंडा गोल्ड विंगसारख्या गाडीला रूपांतर संच लावून ट्राइक केलेली असेल तर प्रकरण आणखी किचकट होते, कारण तिथे सायलेन्सरचे ब्रॅकेट बहुधा संचाबरोबर आलेले असतात आणि मूळ दुचाकीचे मोजमाप कामाला येत नाही. अशा वेळी एक्झॉस्ट विकणाऱ्यापेक्षा संच बनवणाऱ्याला विचारणे शहाणपणाचे. कॅन-ॲम स्पायडरची जोडचाके पुढे असल्याने मागच्या ॲक्सलची ही अडचण तिला नाही.

आता आवाज. इंजिन स्थिर वेगात फिरत असताना एक्झॉस्टमधून येणारी घुमी, एकसुरी गुणगुण, जिला स्वार मंडळी ‘ड्रोन’ म्हणतात, ती कुठून येते हे साध्या गणिताने समजते. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणून दोन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ४० वेळा स्फोट करते आणि एक्झॉस्टचा मुख्य सूर ४० हर्ट्झच्या आसपास बसतो. त्याच फेऱ्यांवर स्पायडरच्या तीन सिलिंडरच्या रोटॅक्स इंजिनाचा सूर ६० हर्ट्झ, तर गोल्ड विंगच्या सहा सिलिंडरचा १२० हर्ट्झ असतो. सूर जितका खालचा तितका तो दाबायला अवघड. काचतंतूची भरण असलेला सरळ छिद्रनळीचा सायलेन्सर वरच्या पट्टीतला कर्कशपणा छान शोषून घेतो, पण ४० हर्ट्झची लाट त्या पातळ थराला जुमानत नाही. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये वायूला आडव्या पडद्यांतून आणि कप्प्यांतून उलटसुलट फिरवलेले असते, आणि अशी रचना खालचे सूर परतवून एकमेकांना मारण्याच्या कामी जास्त उपयोगी पडते. म्हणूनच बदली सायलेन्सर लावल्यावर आवाज पहिल्या दिवशी भारदस्त, गोल आणि सुखद वाटतो, आणि लांबच्या पल्ल्यावर दुपार कलता कलता तोच डोक्यात घुमू लागतो.

इअरप्लगने हे भागेल असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की फोमचे बोळे उंच सूर जितके अडवतात तितके खालचे अडवत नाहीत. शिवाय महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत निव्वळ वाऱ्याचा आवाजच ९० डेसिबलपलीकडे सहज जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९४ डेसिबलला जेमतेम एक तास मिळतो. वाऱ्याने हे खाते आधीच रिकामे केलेले असताना त्यात एक्झॉस्टची भर घालायची की नाही, हा विचार टूरिंग करणाऱ्याने पैसे देण्याआधी करायचा आहे. मागे बसणाऱ्या सोबत्याचे मतही घ्यावे; सायलेन्सरची तोंडे त्याच्या अधिक जवळ असतात.

कायद्याच्या मर्यादाही नजरेखालून घालाव्यात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमानुसार १९८६ पासूनच्या रस्त्यावरील मोटरसायकलींना चालत्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. उभ्या गाडीची तपासणी करण्याच्या एसएई जे२८२५ या (वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ संघटनेने ठरवलेल्या) पद्धतीत नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत माप घेतात आणि दोन सिलिंडरच्या गाडीसाठी आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन नुसते चालू असताना) ९२ व मिनिटाला २००० फेऱ्यांवर ९६ डेसिबल ही मर्यादा धरतात. दोन्ही चाचण्या वेगळ्या असल्याने आकड्यांची परस्पर तुलना करू नये. विक्रेता नुसताच डेसिबलचा आकडा सांगत असेल आणि तो कुठल्या अंतरावर, कुठल्या फेऱ्यांवर मोजला हे सांगत नसेल, तर तो आकडा जाहिरातीत शोभून दिसतो एवढेच.

माझी पसंती स्पष्ट आहे: मूळ हेडपाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची नळी) तसाच ठेवून मागे जोडायची स्लिप-ऑन सायलेन्सरांची जोडी, तीही कप्पे असलेल्या किंवा बारीक गाभ्याच्या (आतल्या नळीच्या) बॅफलची, म्हणजे सायलेन्सरच्या आतल्या आवाज दाबणाऱ्या भागाची. गाभा दोन इंचांहून मोठा झाला की आवाज झपाट्याने चढतो आणि बदल्यात मिळणारी ताकद नाममात्र असते. बॅफल बाहेर काढता येणारा असल्यास उत्तम, कारण पुढे निराळ्या मापाचा घालून पाहता येतो. व्हान्स अँड हाइन्स, राइनहार्ट यांच्यासारखे उत्पादक ट्राइकसाठी वेगळी स्लिप-ऑन जोडी देतात, तेव्हा दुचाकीचा भाग कापून जोडण्याची कसरत करण्याचे कारण उरत नाही.

हेडपाइपसकट संपूर्ण प्रणाली बदलणाऱ्यांचे युक्तिवाद मला माहीत आहेत. ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये (‘व्ही’ आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात) दोन स्फोटांमधले अंतर एकदा ३१५ अंश आणि एकदा ४०५ अंश असे असमान असते. अशा वेळी दोन नळ्या योग्य ठिकाणी एकत्र आणल्या तर एका सिलिंडरची लाट दुसऱ्याचा वायू ओढून काढते आणि मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क वाढतो. दोनातून एक होणारी रचना म्हणूनच तांत्रिकदृष्ट्या सरस आहे, पण ट्राइकच्या रुंद, दोन्ही बाजूंनी सारख्या मागच्या भागात ती एकीकडे लंगडी दिसते. दोन्ही सिलिंडरांच्या नळ्या शेवटपर्यंत वेगळ्या ठेवणारी ‘ट्रू ड्युअल’ रचना दिसायला आणि ऐकायला देखणी. जड ट्राइकला चढावर जिथे जोर हवा असतो तिथेच ती बहुधा ढिली पडते. इंजिनाला ‘बॅक प्रेशर’, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला अडवणारा उलटा दाब, हवा असतो हा समज चुकीचा आहे. हवा असतो तो वायूचा वेग, आणि गरजेपेक्षा जाड नळी तो वेग मारते.

हेडपाइप बदलण्याचे सर्वांत पटण्यासारखे कारण उष्णता हे आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) उजव्या पायाजवळ तापतो आणि संथ वाहतुकीत तो त्रास खरा असतो. तरीही तो काढून टाकणे अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टसह अनेक देशांच्या कायद्यांत बसत नाही, म्हणून आधी उष्णतारोधक पत्रे आणि सिरॅमिक लेप हे उपाय करून पाहावेत. हेडपाइप बदललाच तर इंधनाचे ट्यूनिंग करून घेणे टाळता येत नाही आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांचे माप १८ मिलिमीटर आहे की १२, हेही जुळवावे लागते. हा सगळा खर्च जोडला की प्रणालीची छापील किंमत फसवी वाटू लागते. स्लिप-ऑनच्या बाबतीत इंजिनाचा संगणक बहुतेक वेळा स्वतःच जुळवून घेतो.

बसवणे हे घरी जमण्यासारखे काम आहे. सगळे सांधे आधी सैल जोडावेत, मग इंजिनाकडून मागे येत आवळावेत, आणि गाडी काही वेळा तापून निवल्यावर क्लॅम्प पुन्हा तपासावेत. सांधा गळका राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे कळवतो, इंधन वाढते आणि थ्रॉटल सोडताच फटफट ऐकू येते. पुष्कळजण याचा दोष सायलेन्सरला देऊन मोकळे होतात. क्रोमवरचे बोटांचे ठसे पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी स्पिरिटने पुसावेत, अन्यथा ते कायमचे भाजले जातात. काचतंतूची भरण कालांतराने जळून विरळ होते व आवाज चढतो, म्हणून भरण सुटी विकत मिळते की नाही हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे आणि कंपनीची जुनी जोडी भंगारात न देता जपून ठेवावी, कारण तपासणीच्या वा गाडी विकण्याच्या वेळी तिची गरज पडते.